रबरी बूट, हेलिकॉप्टर आणि न दिसणारा दरवाजा : आपत्ती आली की नेते असे का वागतात?

आडवाटेचा_पाहुणा

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज टंकतोच. आधीच सांगतो, आपल्याकडचे सध्याचे नेते मुद्दाम घेतलेले नाहीत. घेतले की तिसऱ्या प्रतिसादाला धागा पेटतो आणि पाचव्याला कुलूप लागतं. बाकी जगात भरपूर माल आहे.

ऑगस्ट २००२, जर्मनी. एल्बे आणि तिच्या उपनद्यांना महापूर. निवडणूक महिन्यावर आलेली आणि चॅन्सेलर श्रोडर सर्व्हेत मागे पडलेले. गडी रबरी बूट आणि हिरवं जाकीट चढवून ग्रिमा नावाच्या गावात चिखलात उतरला, फोटो सगळीकडे छापून आले. प्रतिस्पर्धी स्टॉइबर तेव्हा एका बेटावर सुट्टी घालवत होते. निकाल लागला तेव्हा दोन्ही पक्ष ३८.५ टक्क्यांवर, आणि श्रोडर पुन्हा चॅन्सेलर. पुढे अभ्यासकांनी आकडे चाळले तर ज्या भागात पूर आला होता तिथे त्यांच्या पक्षाला साधारण ७ टक्क्यांचा फायदा झालेला दिसला.

आता दुसरा माणूस बघा. याचं नाव फार कुणी ऐकलेलं नसेल. कोतोकु वामुरा, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या फुदाई गावाचा १९४७ ते १९८७ सलग चाळीस वर्षं प्रमुख. १८९६ आणि १९३३ च्या त्सुनामींत या गावातली चारशेच्या वर माणसं गेली होती. १९३३ ची प्रेतं मातीतून उकरून काढताना वामुरांनी स्वतः पाहिली होती. तर या माणसाने हट्टाला पेटून नदीच्या मुखाशी १५.५ मीटर उंचीचा दरवाजा बांधायला घेतला. तीन हजार वस्तीचं गाव, खर्च साडेतीन अब्ज येनच्या वर, आणि लोक म्हणत एवढा उंच कशाला, पैसे पाण्यात. १९८४ ला काम संपलं, १९९७ ला वामुरा गेले. तोपर्यंत त्या दरवाज्याने काय केलं? काही नाही. नुसता उभा होता.

११ मार्च २०११ ला त्सुनामी आली. मुख्य झडपा रिमोटने खाली आल्या पण बाजूच्या छोट्या झडपा अडकल्या, अग्निशमन दलाच्या माणसाने धावत जाऊन हाताने बंद केल्या. लाट दरवाज्याहून उंच होती, थोडं पाणी वरून आलंच, बाहेरचं मासेमारी बंदर साफ झालं, पण आतलं गाव वाचलं. एकच माणूस बेपत्ता, तोही होडी बघायला दरवाज्याच्या बाहेर गेलेला. आजूबाजूच्या गावांत शेकड्यांनी माणसं गेली. त्यानंतर फुदाईचे लोक वामुरांच्या थडग्यापाशी हात जोडायला जाऊ लागले. मरून चौदा वर्षं झाल्यावर.

म्हणजे बूट घालणाऱ्याला महिन्याभरात सत्ता मिळाली आणि दरवाजावाल्याला मेल्यावर फुलं. आणि हे फक्त दोन किस्से नाहीत हो. हीली आणि मल्होत्रा या दोन अभ्यासकांचा २००९ चा पेपर आहे, अमेरिकेतल्या आपत्ती आणि मतदानावर. त्यात असं निघालं की आपत्तीनंतर मदत वाटली की मतदार बक्षीस देतात, आपत्तीआधी तयारीवर खर्च केला की ढुंकूनही बघत नाहीत. आणि तयारीवरचा १ डॉलर पुढचं साधारण १५ डॉलरचं नुकसान टाळतो असा त्यांचाच अंदाज.

मग मला सांगा, नेत्याने दरवाजा कशाला बांधावा? हवामान बदल तर याच दुखण्याची शेवटची पायरी. खर्च आज, फायदा तीस वर्षांनी, तोही 'न घडलेल्या' गोष्टीचा. माझं म्हणणं एवढंच की नेत्यांना शिव्या घालून झाल्या की जरा आपल्या टाळ्यांकडेही बघू. तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट_खार

जागा धरून ठेवतो. दोन्ही बाजूंनी दगड भिरकावले जाणार असं दिसतंय.

---

सुमेधा_

लेख आवडला, पण बुटांना एवढं हिणवू नका. नेत्याने तिथे जाणं हे नुसतं नाटक नसतं.

न्यू ऑर्लीन्सचंच बघा. सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी वादळ आलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन दुसऱ्याच दिवशी तिथे पोचले, वीज गेलेल्या अंधाऱ्या शाळेत लोक आसऱ्याला होते, तर यांनी स्वतःच्या चेहऱ्यावर टॉर्च मारून घेतला आणि सांगितलं मी तुमचा राष्ट्राध्यक्ष, मदत द्यायला आलोय. आता त्यात मतांचा हिशेब नसेल असं कोण म्हणेल, जॉन्सन होते ते. पण राष्ट्राध्यक्ष समोर उभा राहिला की खालची यंत्रणा हलते, फायली पळायला लागतात. चाळीस वर्षांनी तेच शहर, कतरिना. २९ ऑगस्ट २००५ ला वादळ धडकलं, बुश ३१ तारखेला टेक्सासहून परतताना विमानाच्या खिडकीतून खाली बघतायत असा फोटो आला, आणि तो जन्मभर चिकटला. दोन दिवसांनी आपत्ती खात्याच्या प्रमुखाची जाहीर पाठ थोपटली की झकास काम करतोयस. दहाव्या दिवशी त्या प्रमुखाला घरी जावं लागलं.

जाणं न जाणं यात फरक आहेच.

---

बंड्याभाऊ

सुमेधाताई बरोबर पण जाऊन काय करतात तेपण बघायला पाहिजे ना राव, ट्रम्पतात्या ऑक्टोबर २०१७ मध्ये पोर्तो रिकोला गेले मारिया वादळानंतर आणि तिथे गर्दीत पेपर टॉवेलचे रोल बास्केटबॉल टाकल्यासारखे फेकत बसले, वर म्हणाले की कतरिनासारखी खरी आपत्ती बघा, तुमच्याकडे फक्त १६ गेले अभिमान बाळगा. लोकांकडे वीज नाही पाणी नाही आणि हे टॉवेल फेकतायत 😂 हसू पण येतं आणि रागही

---

गणिती_गोगलगाय

बंड्याभाऊ, त्या १६ चं पुढे काय झालं ते सांगा की. त्याच दिवशी ते ३४ झाले, महिनोन्महिने सरकारी आकडा ६४ वर अडकून होता. मग तिथल्या सरकारनेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला, ऑगस्ट २०१८ मध्ये आकडा मान्य झाला : २,९७५.

हा फरक कुठून आला? वादळात भिंत पडून मेला तो मोजला. वीज नाही म्हणून डायलिसिस चुकलं, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, इन्सुलिन फ्रीजशिवाय खराब झालं, असे गेले ते कागदावर 'नैसर्गिक मृत्यू'. मोजायचं कसं हे ज्याच्या हातात, त्याच्याच हातात आपत्ती किती मोठी हे पण. मला नेत्यांचे बूट-बिट काही वाटत नाही, मी आधी मोजणी कोण करतंय ते बघतो.

---

तात्पुरता_आयडी

इथे सगळे वादळ पूर आणि हवामान बदल एकाच पिशवीत कोंबतायत. पूर काय आज येतात का? १९५३ ला हॉलंडमध्ये आला, १९७० ला बंगालच्या उपसागरात आला, तेव्हा कुठे होता तुमचा कार्बन. हवामान बदल हे परिषदा भरवायचं निमित्त आहे, हजारो लोक विमानाने जातात आणि कार्बन कमी करा म्हणतात. नेत्यांना उगाच घाबरवून पैसे काढायचे धंदे.

---

खवचट_खार

@तात्पुरता_आयडी, अगदी. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेचे सिनेटर इन्होफ यांनी बाहेरचा बर्फाचा गोळा आणून सिनेटमध्ये टाकला होता, बघा थंडी आहे, कसली तापमानवाढ. त्यांचा फॅन क्लब इथेही निघाला. गंमत म्हणजे २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे अर्थमंत्री मॉरिसन संसदेत दगडी कोळशाचा तुकडा घेऊन आले, घाबरू नका चावत नाही वगैरे. पुढे पंतप्रधान झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये देश पेटलेला असताना हवाईला सुट्टीवर. विचारलं तर म्हणे पाइप काही मी धरत नाही. आगीत होरपळलेल्या कोबार्गो गावात गेले तेव्हा लोकांनी हात मिळवायलाही नकार दिला. व्हिडिओ आहे, शोधा.

---

गणिती_गोगलगाय

@तात्पुरता_आयडी, परिषदेला विमानाने जातात हे खरंच, आणि ते खटकतं मलाही. पण बाकीचं तपासू. पूर आधीही यायचे हे कुणी नाकारलेलं नाही. प्रश्न वारंवारतेचा आहे. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, हे एकोणिसाव्या शतकातलं भौतिकशास्त्र आहे, कुठल्या परिषदेत ठरलेलं नाही. जास्त बाष्प म्हणजे पडायला लागला की जास्त पडणार. 'हा पूर हवामान बदलामुळेच' असं एका पुराकडे बोट दाखवून म्हणता येत नाही, पण असा पाऊस पडण्याची शक्यता किती वाढली हे मोजता येतं आणि आता मोजतातही.

आणि तुम्ही स्वतःच १९७० काढलंत म्हणून, ते उदाहरण तुमच्या नाही, धाग्याच्या बाजूचं आहे. कुणीतरी लिहा, मला आता मीटिंग आहे.

---

मावळतीचा_वारा

मी लिहितो. भोला चक्रीवादळ, १२ नोव्हेंबर १९७०, तेव्हाचं पूर्व पाकिस्तान. मृतांचे अंदाज ३ ते ५ लाख. राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांचं सरकार मदतीत इतकं ढिलं पडलं की लोकांचा संताप अनावर झाला. ७ डिसेंबरला निवडणूक झाली, अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा घेतल्या आणि वर्षभरात देशाचे दोन तुकडे. वादळ हे एकमेव कारण होतं असं कुणी शहाणा म्हणणार नाही, भाषेपासून सगळं आधीच साचलेलं होतं, पण ठिणगी पडायला ते पुरेसं होतं.

आता पुढचं जास्त महत्त्वाचं. नव्या बांगलादेशाने १९७२ मध्येच स्वयंसेवकांची वादळपूर्व तयारीची योजना उभी केली. झेंडे, भोंगे, सायकलवरून गावोगाव सूचना, नंतर उंच निवारे. लगेच जादू झाली असं नाही, १९९१ च्या वादळात १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं गेलीच. पण २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आत, आणि २०२० च्या अम्फानमध्ये बांगलादेशात काही डझन. मधल्या काळात तिथे लष्करी राजवटी आल्या, लोकशाही आली, एकमेकींच्या कट्टर वैरी असलेल्या दोन बाया आलटून पालटून पंतप्रधान झाल्या, पण ती योजना कुणी मोडली नाही.

म्हणजे पाहुणेसाहेब, तुमचं 'तयारीला टाळ्या नाहीत म्हणून कुणी करत नाही' हे तितकंसं खरं नाही.

---

जलदूत७

मावळतीचा_वारा +१. ओडिशा चालेल का, धागाकर्ते? चालू नाहीत आता ते मुख्यमंत्री 🙂

१९९९ चं सुपर सायक्लोन, जवळपास १० हजार मृत्यू, मुख्यमंत्री गमांग यांची खुर्ची गेली. मग २००० मध्ये नवीन पटनायक आले ते २०२४ पर्यंत. २०१३ च्या फायलिनच्या वेळी जवळपास दहा लाख लोक हलवले, २०१९ च्या फणीला बारा लाख. फणीत ६४ मृत्यू. १० हजार कुठे, ६४ कुठे. आणि माणूस चोवीस वर्षं निवडून येत राहिला. तिथे 'न मेलेले लोक' हाच प्रचाराचा मुद्दा होऊ शकला कारण १९९९ प्रत्येकाच्या घरात आठवणीत होतं.

---

आडवाटेचा_पाहुणा

वारा आणि जलदूत, दोन्ही उदाहरणं चोख आहेत आणि मला वाटतं ती माझ्या मुद्द्याच्या विरोधात नाहीत, त्याला एक अट जोडतात. दोन्हीकडे आधी प्रचंड माणसं मेली. बैल गेला अन् झोपा केला, पण निदान केला. कॅनडातलं विनिपेग आठवा. १९५० च्या पुरात साधारण एक लाख लोक घराबाहेर काढावे लागले. मग डफ रॉब्लिन नावाच्या प्रांतप्रमुखाने शहराला वळसा घालणारा कालवा खणायला घेतला, १९६२ ते १९६८, खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर. लोक त्याला डफचा खड्डा म्हणून चिडवायचे. १९९७ ला शतकातला पूर आला, त्याच नदीवर वरच्या अंगाला असलेलं अमेरिकेतलं ग्रँड फोर्क्स बुडालं, विनिपेग वाचलं. हे गृहस्थ वामुरांपेक्षा नशीबवान, २०१० पर्यंत जगले, कौतुक कानांनी ऐकलं.

पण हवामान बदलात 'आधी मोठा फटका, मग तयारी' हा क्रम चालत नाही ना. फटका बसेपर्यंत कार्बन वर जाऊन बसलेला असतो आणि तो शेकडो वर्षं उतरत नाही. तिथे १९९९ ची वाट बघून भागणार नाही.

---

काळा_कोट

मला एक वेगळीच भीती वाटते ती मांडतो. आता नेत्यांना हवामान बदल नाकारायची गरजच उरलेली नाही, उलट सोयीचा झालाय. पूर्वी 'देवाची करणी' म्हणून हात झटकायचे, आता 'हवामान बदल, जागतिक प्रश्न, आम्ही काय करणार'. तोच हात, तोच झटका.

डेर्ना, लिबिया, सप्टेंबर २०२३. डॅनियल वादळाचा पाऊस अफाट होता आणि त्यात तापमानवाढीचा वाटा होताच. पण माणसं हजारोंनी मेली ती शहराच्या डोक्यावरची दोन धरणं मध्यरात्रीनंतर फुटली म्हणून. धरणं १९७० च्या दशकातली, देखभाल नावालाही नाही, आदल्याच वर्षी तिथल्या एका जलतज्ज्ञाने पेपर लिहून सांगितलं होतं की मोठा पूर आला तर अनर्थ होईल. देशात दोन सरकारं, दोघांचं एकमेकांकडे बोट. लोकांनी मोर्चा काढला, महापौराचं घर जाळलं. जुलै २०२४ मध्ये तिथल्या कोर्टाने धरणांच्या कारभारातल्या हलगर्जीपणाबद्दल १२ आजी-माजी अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठवलं, काहींना वीस वर्षांच्या वर. अधिकाऱ्यांना, बरं का.

दुसरं तुर्कस्तान. २०१८ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करून द्यायची माफी योजना आली, लाखो इमारतींना कागद मिळाला. लोक खूश, कारण घराला कागद मिळाला. ६ फेब्रुवारी २०२३ ला भूकंप, एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांच्या वर मृत्यू. एर्दोगान म्हणाले हे विधिलिखित. मे महिन्यात निवडणूक झाली, तेच जिंकले. भूकंप हवामानाशी संबंधित नाही हे माहीत आहे, मुद्दा माफी योजनेचा आहे. माफी देणारा नेता आणि माफी मागणारा मतदार, दोघांनाही सहीच्या दिवशी आनंदच होता.

---

सुमेधा_

काळा_कोट, शेवटच्या वाक्याला माझा आक्षेप आहे. हे फार होतंय आता धाग्यावर, घूम फिर के मतदारच दोषी. ज्याला भाड्याचं पत्र्याचं घर आहे तो कागद मिळतोय तर घेणारच, त्याच्याकडे दुसरा पर्याय कुठला होता? बिल्डरने लोखंड किती घातलं हे तो कसं बघणार? ते बघण्यासाठीच सरकार नावाची गोष्ट असते.

फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढवायचं ठरलं, हवामानाच्या नावाने, लोक पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आले आणि वाढ मागे घ्यावी लागली. तेव्हाही जगभर लेख आले की लोकांनाच पर्यावरण नको आहे. पण ते लोक होते कोण? शहराबाहेर राहणारे, कामाला गाडीशिवाय जाऊच न शकणारे. त्याच सरकारने आदल्या वर्षी श्रीमंतांचा संपत्ती कर जवळपास काढून टाकला होता. लोकांना दरवाजा नको नसतो, दरवाज्याचं बिल फक्त त्यांच्याच नावाने फाडलेलं नको असतं.

---

खवचट_खार

सुमेधाताईंच्या शेवटच्या वाक्याला कडकडून टाळ्या. पाहुणेसाहेब, नोंद घ्या.

---

मी_अमृता

हा धागा वाचताना मला सारखं व्हॅलेन्सिया आठवतंय. २९ ऑक्टोबर २०२४. स्पेनच्या हवामान खात्याने सकाळी आठच्या आतच लाल इशारा दिला होता. व्हॅलेन्सिया विद्यापीठाने तर आदल्या दिवशीच वर्ग रद्द केले होते! म्हणजे विद्यापीठाला कळलं, प्रांताच्या सरकारला नाही. प्रांतप्रमुख माझोन दुपारी एका पत्रकार बाईंबरोबर जेवायला गेले आणि ते जेवण संध्याकाळपर्यंत लांबलं. मोबाइलवर सगळ्यांना अलर्ट गेला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोपर्यंत लोक गाड्यांत, तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडत होते. दोनशे वीसच्या वर माणसं गेली. आणि आदल्या वर्षी सत्तेवर आल्या आल्या याच सरकारने आपत्तीसाठी नव्याने नेमलेलं युनिट अनावश्यक खर्च म्हणून गुंडाळलं होतं.

पाच दिवसांनी राजा, पंतप्रधान आणि माझोन पायपोर्ताला गेले तर लोकांनी चिखल फेकून मारला. राजा थांबला, चिखल अंगावर घेऊन बोलत राहिला. पंतप्रधान लवकर निघाले. नंतर वर्षभर दर महिन्याला मोर्चे निघाले आणि शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये माझोन यांनी राजीनामा जाहीर केला. त्यामुळे लोक विसरतात हेही सरसकट खरं नाही. त्या जेवणाचे तास मिनिटं लोकांनी पाठ केले होते.

---

गणिती_गोगलगाय

मीटिंग संपली. अमृता, जर्मनीतही हेच. जुलै २०२१, आर नदीचं खोरं. युरोपच्या पूरसूचना यंत्रणेने चार दिवस आधीपासून इशारे दिले होते. त्या जिल्ह्यात लोकांना घरं सोडायला सांगितलं रात्री ११ नंतर. आर खोऱ्यातच एकशे तीसच्या वर मृत्यू. राजकारणात काय गाजलं? राष्ट्राध्यक्ष पुराबद्दल बोलत असताना चॅन्सेलरपदाचे उमेदवार लाशेट मागे उभे राहून हसले ते. त्यावर पक्ष आपटला, असं म्हणतात. पुढच्या वर्षी दोन मंत्री बायकांना राजीनामे द्यावे लागले, एकीची फ्रान्सची सुट्टी निघाली, दुसरीची मायोर्काची. सुट्टीवर गेलं की पद जातं. इशारा आणि सूचना यांच्यामधल्या त्या दिवसांसाठी कुणाचं काय गेलं सांगा.

आणि उष्णतेच्या लाटेचं कुणीच काढलं नाही अजून. त्यातही मला आश्चर्य नाही, कारण उष्णतेला फोटो नसतो. नेता कुठले बूट घालणार? ऑगस्ट २००३, फ्रान्स, साधारण १५ हजार जास्तीचे मृत्यू, बहुतेक म्हातारी माणसं, एकटी, बंद खोल्यांत. आरोग्यमंत्र्यांनी सुट्टीच्या घरातून पोलो शर्टवर टीव्हीला मुलाखत दिली की परिस्थिती आटोक्यात आहे. राष्ट्राध्यक्ष शिराक कॅनडात. मग पुढच्या वर्षी योजना आली : एकट्या राहणाऱ्यांची यादी, त्यांना फोन, वृद्धाश्रमात एक गार खोली, रंगानुसार इशारे. २००६ ला पुन्हा लाट आली तेव्हा अंदाजापेक्षा चार हजारांच्या वर कमी माणसं मेली. ही चार हजार माणसं कोण हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही, मत कुणाला देणार.

---

बंड्याभाऊ

गोगलगायभाऊ अंगावर काटा आला शेवटच्या ओळीला

बाकी ते मालदीवचं कुणी लिहा ना, पाण्याखाली कॅबिनेट मीटिंग. २००९ ला राष्ट्राध्यक्ष नशीद आणि मंत्री हवेची नळकांडी लावून समुद्राच्या तळाला टेबल टाकून बसले आणि ठरावावर सह्या केल्या, वॉटरप्रूफ पेनाने. हे नाटकच ना पण चांगलं नाटक. तुवालूच्या मंत्र्याने पण २०२१ ला गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण केलेलं

---

मावळतीचा_वारा

नाटक खरंच, पण त्यांच्या हातात दुसरं काय आहे? या देशांचा जगाच्या कार्बनमधला वाटा नगण्य. ते स्वतः कितीही तयारी करोत, दरवाज्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ज्यांच्या खिशात आहे त्यांचं बघा, अमेरिका २०१५ च्या पॅरिस करारात आली, २०२० ला बाहेर, २०२१ ला आत, २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडायचा हुकूम. नुकसानभरपाईचा निधी २०२२ ला शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत मान्य व्हायला तीस वर्षं भांडावं लागलं छोट्या बेटांना. मग वानुआतूने पुढाकार घेऊन प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलं, जुलै २०२५ मध्ये मत आलं की हवामानाची हानी रोखणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. मत सल्ल्यापुरतंच आहे, पण ती सुरुवात काही विद्यार्थ्यांनी केली होती, कुठल्या पक्षाने नाही.

---

जलदूत७

पाहुणेसाहेबांच्या मूळ प्रश्नाला धरून : उपाय एकच दिसतो, काही गोष्टी पाच वर्षांच्या राजकारणातून बाहेर काढायच्या. डच लोकांची पाणी मंडळं बघा. शेकडो वर्षं जुनी, देशाच्या सध्याच्या सरकारव्यवस्थेपेक्षाही जुनी. त्यांची वेगळी निवडणूक, वेगळा कर. सरकार कुठलंही येवो, बांधाचे पैसे बांधालाच. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गेली तेव्हा महिना उलटायच्या आत आयोग नेमला आणि त्यातून जी कामं निघाली ती चव्वेचाळीस वर्षं चालली. किती पंतप्रधान आले गेले त्यात.

---

काळा_कोट

जलदूत, पैशाचं पटलं. पण इशाऱ्याचं बटण? ते कुणाच्या हातात? व्हॅलेन्सियात तंत्रज्ञांनी सकाळी सांगितलं आणि बटण राजकीय माणसांच्या ताब्यात होतं. माझ्या मते ते सरळ हवामान खात्याकडे द्यावं.

---

सुमेधा_

आणि खातं चुकलं तर? नेत्याला निदान निवडणुकीत पाडता येतं, खात्याच्या संचालकाला कोण पाडणार. उगाच हजारो लोक हलवले आणि वादळ वळलं, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा लोक हलत नाहीत. तो निर्णय कुणीतरी उत्तरदायी माणसानेच घ्यायला हवा.

---

खवचट_खार

उत्तरदायी माणूस म्हणजे २०१९ ला नकाशावर मार्करने डोरियन वादळाचा गोल अलाबामापर्यंत वाढवलेला होता तो दाखवणारे ट्रम्पतात्या का? त्याआधी त्यांनी अलाबामालाही फटका बसेल असं ट्वीट केलं तेव्हाच तिथल्या हवामान कार्यालयाने अर्ध्या तासाच्या आत ट्वीट केलं होतं की अलाबामाला काही धोका नाही. आठवड्याभरात वरच्या खात्याने निनावी पत्रक काढून आपल्याच कार्यालयाला खोटं पाडलं. बटण खात्याकडे देऊन भागत नाही, खात्याचा कणा पण शाबूत लागतो.

---

गणिती_गोगलगाय

जपानमध्ये बटण खात्याकडेच आहे. मंत्र्याची सही लागत नाही, भूकंपानंतर तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा. २०११ ला २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप, ४९ ला इशारा. पण सुमेधाताईंची शंकाही रास्तच आहे, कारण पहिल्या इशाऱ्यात फुदाई ज्या प्रांतात आहे तिथे लाट ३ मीटरची सांगितली होती, भूकंपाची ताकदच सुरुवातीला कमी मोजली गेली. अर्ध्या तासात आकडा वाढवला, पण वीज गेलेली, तो कित्येकांपर्यंत पोचलाच नाही. ३ मीटर म्हणजे आपल्या भिंतीच्या आत, म्हणून काही लोक घरीच थांबले.

त्यावर त्यांनी केलं ते मला फार आवडतं. २०१३ पासून नियम बदलला, अतिप्रचंड भूकंप असेल तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगायचेच नाहीत, नुसतं 'महाकाय लाट' म्हणायचं आणि पळा. मीटर नंतर. हा बदल कुठल्याही नेत्याच्या नावाने ओळखला जात नाही आणि त्यावर कुठे निवडणूकही झाली नाही.